शंभर दाणे

"हाणा ना एंटर, ताई! एका ओळीत काम खल्लास."

जालन्यातल्या बियाणं कंपनीत संगणक सांभाळणारा सुमित नुसता फुरफुरत होता. डिस्क गच्च भरलेली, तेच ते फोटो दोन-दोनदा साठलेले. जादा प्रती शोधून उडवायची कमांड त्यानं एआयकडून मागून घेतली होती आणि काळ्या खिडकीत चिकटवून तयार बसला होता.

पण त्याच डिस्कवर तृप्तीची आठ वर्षं होती. तिनं तयार केलेल्या सोयाबीनच्या वाणाचे, दर हंगामाचे फोटो. वाणाच्या मंजुरीसाठी तेच दाखवायचे होते आणि दुसरीकडे कुठंही ते नव्हते.

"हात काढ," तृप्ती म्हणाली.

"भिऊन राह्यल्या का?"

"भिते माझी बला! आमचे दादा, म्हंजे वडील, गावाकडं धावड्याला चाळीस वर्षं पेरून राह्यले. बियाणं घरचं असू दे न्हाई तर कंपनीचं, आधी शंभर दाणे वल्या गोणपाटात. सत्तर उगवले तर पेरणी. तुझ्या एआयचे काय लाड?"

सुमित हसला. तिनं मात्र बाराव्या वाफ्याचे आठ वर्षांचे आठ फोटो, त्या त्या वर्षाच्या फोल्डरसकट, बाजूला कॉपी करून घेतले. कमांड तेवढ्यावरच चालवली.

आठातला एक उरला.

"आयला! बाकीचे सात?"

तृप्तीनं कमांड सावकाश वाचली. ती फोटो बघतच नव्हती, नुसती नावं जुळवत होती. आणि शेतावरची माणसं दर वर्षी फोटोला एकच नाव देत आलेली: वाफा बारा. कुठल्या वर्षाचा ते फोल्डरवर लिहिलेलं. म्हणजे सगळ्या डिस्कवर हे चाललं असतं तर आठ वर्षांचं एकच वर्ष! तिनं खुर्ची पुढं ओढली.

"विचार त्याला."

सुमितनं एआयला चांगलंच झापलं. त्यानं लगेच माफी मागितली, चूक कबूल केली आणि नवी कमांड दिली. ही बिलकुल बिनधोक आहे, असंही वर सांगितलं.

सुमितनं ती चिकटवली. बोट एंटरवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"ताई," तो म्हणाला, "आधी गोणपाट वलं करा."