मन जुळत नाही

पाणीपुरवठ्याच्या सर्व्हरवर सकाळपासून कुणालाच लॉगिन करता येईना. पासवर्ड कधीच हद्दपार झाले होते. आता सर्व्हर बोटावरून माणूस ओळखायचा आणि त्याचं मनही तपासायचा. ॲडमिन म्हणून नोंद होती सुलभा आगलाव्यांची, तीही नेमणुकीच्या दिवशीच्या आनंदी मनाची. कालच घोडकेसाहेबांनी चोरीचा खोटा आळ घेऊन बाईंना राजीनामा द्यायला लावला, वर शाल-श्रीफळही दिलं. नोंद बदलून घ्यायची मात्र राहिली.

शेवटी साहेबांनी गाडी पाठवून बाईंना आणवलं. त्यांनी बोट टेकवलं. पडद्यावर उमटलं, ‘मन जुळत नाही.’

“बाई, गाव तहानलंय. जरा आनंदी व्हा हो!”

“मग खरं काय ते सांगा. दारात हंडे घेऊन उभ्या असलेल्या त्या लोकांना ऐकू जाईल असं.”

साहेबांनी हात जोडले. “चोरी मी केली होती. आळ बाईंवर घातला.”

बाईंनी पुन्हा बोट टेकवलं. ‘मन जुळलं.’ नळांना पाणी सुटलं. साहेब हुश्श करून खुर्चीत टेकले.

“लॉगिन रोज करावं लागतं, साहेब,” पर्स उचलत बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी सातला इथेच उभे राहा. आणि आवाज जरा मोठा ठेवा.”