सगळे आले का?

नवऱ्याच्या ऑफिसची एका दिवसाची सहल निघाली होती. सकाळी दोन जुने किल्ले, दुपारी समुद्राकाठचं गाव. नवरा पुढे मित्रांबरोबर पत्ते कुटत बसला होता आणि ती मागच्या सीटवर सगळ्यांच्या पिशव्यांना सोबत करत होती. दुसऱ्या किल्ल्याच्या बुरुजावरून समुद्राची निळी रेघ दिसली, तशी ती क्षणभर रेंगाळली. धापा टाकत खाली उतरली, तोवर बस वळणाआड गेली होती.

"अहो, यजमानांना फोन करा की," तिकीट खिडकीतली बाई कळवळून म्हणाली.

"लक्षात आलं की करतीलच ते," म्हणत ती पायरीवर टेकली.

दुपारी तिला वाटून गेलं, आत्ता मंडळी पाण्यात उतरली असतील. राग येत नव्हता, रडूही फुटत नव्हतं. ऊन कललं, तिकीट खिडकी बंद झाली, तरी ती मांडीवर फोन घेऊन तशीच बसून होती. दिवेलागणीला एकदाचा नवऱ्याचा फोन वाजला.



"अगं, किल्ली कुठे ठेवलीस? मघापासून दारात उभा आहे मी!"