उजवा कौल

देवाला विचारल्याशिवाय दाजी तांडेलांची होडीसुद्धा कधी पाण्यात गेली नव्हती. ही तर सून सुगंधा निघाली होती, तीही एकटी, परीक्षेला कोल्हापूरला. मुंबईहून टपालाने येणाऱ्या धड्यांवर तिने वाणिज्याचा अभ्यास पुरा केला होता. ती पाकिटं पावसात इरल्याखाली सांभाळून आणायचे ते दाजीच. पण आज ते नारळ घेऊन रवळनाथाकडे कौल लावायला गेले होते. देवाला चिकटवलेली उजवी कळी पडली तर जायचं; डावी पडली, तर दर्याने नवरा नेलेल्या बाईने चुलीपाशीच बसायचं. ट्रंक भरून ती घरापुढच्या खळ्यात उभी राहिली. दाजी परतले तेव्हा नारळ हातात तसाच होता. तिचा धीर सुटला. “मामा, डावो दिल्यान?” “कौल लावकच नाय मियां.” त्यांनी नारळ तिच्या पदरात घातला. “माझो झील, तुझो घोव, होडी घेऊन गेलो, त्या दिसा देवान उजवोच दिल्यान हुतो.”