दारावरची हजेरी

सुतार पॅरोलवर सुटला होता. दर सोमवारी अकराच्या आत पॅरोलच्या साहेबांच्या कचेरीत सही करायची, एक जरी चुकली तरी परत तुरुंगात. आणि तिथं तर साथीनं बराकच्या बराक खोकत होती, रोज एक-दोघं चादरीत गुंडाळून बाहेर येत होते.

मग साथ बाहेरही पसरली आणि घराबाहेर पडायला बंदी लागली. कचेरीचा फोन तीन दिवस नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना.

"नका हो जाऊ," सोमवारी बायको दार अडवून म्हणाली. "पोलीस दिसेल त्याला धरतायत."

"नाही गेलो तर घरात येऊन धरतील. सर बाजूला."

भिंतीला चिकटून, जीव मुठीत धरून तो कचेरीपर्यंत पोचला. दाराला हे भलंमोठं कुलूप! चिठ्ठी नाही, चौकीदार नाही. आपण आलो होतो, हे आता सांगणार कोण?

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. दारावरच नाव, तारीख आणि 'दहा पन्नास' अशी वेळ लिहिली, खाली सही ठोकली. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी साहेबांचा फोन आला. "दारावरची सही तुझीच ना रे?"

"माझीच, साहेब! वेळसुद्धा टाकलीय."



"छान. मग घरीच थांब, गाडी पाठवतोय; बंदी मोडून बाहेर फिरत होतास, हे तूच सहीनिशी लिहून दिलंयस."