घोंगडीखाली

आकारामनं दोरी सोडून घोंगडी बाजूला ओढली आणि तो जागीच थबकला. मोटारीच्या पुढच्या काचेवर पांढराफेक बर्फ धरला होता.

महाबळेश्वरात थंडीच्या दिवसांत उघड्या काचेवर दव गोठतं, त्यात नवल नाही. म्हणून तर तो रोज संध्याकाळी काच घोंगडीनं झाकायचा. बर्फ घोंगडीवर धरायचा, खाली काच कोरडी राहायची. आज घोंगडी वर होती आणि बर्फ खाली होता. म्हणजे रात्री कुणीतरी घोंगडी काढली होती, काच बराच वेळ उघडी राहिली होती, आणि मग बर्फावरच घोंगडी पुन्हा साळसूदपणे बांधून ठेवली होती. स्टिअरिंगच्या चाकासमोर पंजाएवढी जागा नखांनी खरवडलेली होती. तेवढ्यातून बघत कुणीतरी गाडी हाकली होती.

आकाराम स्वतः रात्री मालकाच्या बंगल्यावर नव्हता. काल संध्याकाळी काच झाकून तो खालच्या वाडीत, वाटेवर पोलीस आहेत का याची खबर काढायला गेला होता. वाट मोकळी आहे असं ऐकून उजाडताना परतला होता. मागं राहिले होते दोघंच. एक बाळगोंडा, सांगलीकडचा जैन शेतकरी. बेचाळीसच्या चळवळीत तो भूमिगत झाला होता आणि सरकारनं त्याच्यावर बक्षीस लावलं होतं; आकारामनं त्याला बंगल्यात लपवलं होतं. त्याला उसाची गाडी हाकता यायची, मोटार नाही. आणि दुसरा सयाजी, आकारामचा धाकटा भाऊ.

मालक थंडीला भिऊन साताऱ्याला गेला होता आणि त्यानं आज गाडी मागवली होती. मागच्या बाजूला बाळगोंडाला घोंगडीखाली निजवून घाट उतरायचा, असं ठरलं होतं. गाडी सयाजीच हाकणार होता. पलटणीत आकारामचा डावा हात अधू झाला, तेव्हापासून घाटात गाडी सयाजीच हाकायचा. त्याला शिकवलंही आकारामनंच. आई गेल्यावर त्याला वाढवलंही त्यानंच. ही घोंगडी बापाची. हिच्याखाली दोघं भाऊ एकमेकांना बिलगून थंडी काढत मोठे झाले होते.

"सया," त्यानं स्वयंपाकघराकडं हाक टाकली, "रातच्याला गाडीला हात लावला हुतास का रं?"

सयाजी आत इंजिनासाठी पाणी तापवत होता. "न्हाई गा दादा," तो आतूनच म्हणाला, "तू बांधलीस तशीच हाय की घोंगडी."

तेवढ्यात बाळगोंडा मफलर गुंडाळत बाहेर आला. आकारामनं आवाज खाली आणला. "रातच्याला गाडी वाजली का हो?"

"वाजली की. सयाजी म्हणला, इंजन लय गारठलंय, जरा फिरवून आणतो. लय येळ लागला त्याला. मला तर झोप लागून गेली."

आकारामला संताप आला असता तर बरं झालं असतं. त्याला रडू यायला लागलं. आत जाऊन गचांडी धरावी आणि विचारावं, का केलंस रं? पण सयाजी पुन्हा खोटं बोलेल आणि आपण ते पुन्हा खरं मानू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर दुसरं काय केलं होतं?

"तुमी मागच्या उतारानं कोयनेच्या खोऱ्यात उतरा," तो बाळगोंडाला म्हणाला. "गाडीचा नाद सोडा. आत्ताच्या आत्ता निघा."

"आवं, पन सयाजी..."

"माजा भाऊ हाय. माजं मी बघतो."

बाळगोंडा काय ते समजला. त्यानं आकारामचा अधू हात क्षणभर धरला आणि झाडीत दिसेनासा झाला.

आकारामनं मिठाची पुरचुंडी ओली केली आणि काच घासायला घेतली. बर्फ सुटला, पाणी होऊन ओघळला. फडक्यानं त्यानं काच दोनदा पुसली. काही झालं तरी घाटात भावाला रस्ता दिसायला हवा होता. मग तो ओरडला, "सया, पाव्हणा गाडीत निजलाय. पानी वत आन् निघ. मी दूध आनाय चाललो."

आणि तो स्वतःच मागच्या बाजूला शिरला, आडवा झाला आणि त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

गाडी निघाली. घोंगडीला अजून चुलीच्या धुराचा वास होता. आकाराम अंधारात वळणं ओळखत पडला होता. पाचगणीचा बाजार वाजत आला, मागं गेला. गाडी थांबली नाही. त्याला धीर आला. भीती वाटली असेल पोराला. कुणी दमात घेतलं असेल. रात्री कबूल करून बसला असेल, पण सकाळी मन फिरलं असेल. पसरणीचा घाट लागला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. सयाजी झकास हाकत होता. नुसता पुढं जा रं, आकाराम मनात म्हणाला, खाली वाई दिसू दे, घोंगडी फेकून तुझ्या गळ्यात पडतो आणि संशय घेतला म्हणून माफी मागतो.

ब्रेक लागला.

दार उघडलं. बुटांचा आवाज झाला. कुणीतरी घोंगडी एका हिसक्यात ओढून काढली. उजेडानं आकारामचे डोळे दिपले. मग समोर सयाजीची मान दिसली आणि तिच्यापलीकडं लख्ख पुसलेली काच.

"हाच का बाळगोंडा?" फौजदारानं विचारलं.

सयाजीनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"व्हय सायेब," तो म्हणाला, "ह्योच."