तेलातली गोळी

दौंडच्या इंजिन शेडमध्ये सत्तारभाई तेलाचा दाटपणा मोजत. काचेच्या उंच नळीत तेल भरायचं, वरून पोलादी गोळी सोडायची आणि ती किती सेकंदांत तळ गाठते ते घड्याळावर बघायचं.

त्या दुपारी गोळी अर्ध्यावरच थांबली.

त्यांनी तेलात बोट बुडवलं. तेल पातळच होतं.

"हौसराव, हे बघा तरी!"

"काचेला चिकटली आसंल," फिटर हौसराव म्हणाला.

"न्हाई हो. मधोमध हाय."

तिकडं इंजिन तेलासाठी खोळंबलं होतं. हौसरावानं खालची तोटी सोडली. तेल भळाभळा बादलीत उतरलं, नळी रिकामी झाली.

गोळी तिथंच होती.

हौसरावानं गुपचूप वहाणा काढल्या. सत्तारभाईंनी डोक्यावर रुमाल ओढला.

मग गोळी सावकाश वर निघाली.