थाप देणें

तुकोजीच्या पत्राला सेतुमाधवरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मे महिन्यात आलं होतं आणि आता एकोणसाठ सालचा पोंगल तीन दिवसांवर आला होता. चारच ओळी होत्या. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. तंजावरात पुष्कळ घरांत असंच लिहितात. ‘तुम्ही पोथींतून काढून दिलें तसेंच करतों. घोडी वळते. पण मानेंतून रक्त येतें. आणखी किती देऊं?’

ओरत्तनाडूचा हा तुकोजी शर्यतीच्या हलक्या गाडीला घोडी जुंपायचा. पोंगलच्या शर्यतीत डांबराच्या पिंपाला वळसा घालून परत यायचं असतं, आणि त्याची सुंदरी पिंपाशी आली की फार लांबून वळायची. म्हणून तो राजवाड्यामागच्या गल्लीत सेतुमाधवरावांकडे आला होता. त्यांचा जन्म जुन्या पोथ्यांच्या नकला करण्यात गेला होता, आणि घोड्यांवरचीही एक पोथी त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांनी कागदावर लिहून दिलं, ‘वळणाआधी मानेस उजवीकडून थाप देणें.’ तुकोजीला बाळबोध लिपी येत नव्हती, म्हणून तमिळ अक्षरांत.

तमिळमध्ये थ आणि द यांना एकच अक्षर. प आणि ब यांनाही एकच. तुकोजीने ‘दाब देणें’ वाचलं. पत्र आलं त्याच दिवशी हे सेतुमाधवरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते एका जाड कोशात ठेवून दिलं. गल्लीत त्यांना जी काही किंमत होती ती पोथ्यांमुळेच होती.

आज सकाळी तुकोजी स्वतःच दारात उभा राहिला.

“पंत, बाहेर या की! नाल मारायला आणली होती. म्हटलें, तुम्हांस दाखवूनच जावें.”

“जा, तुमची विद्या दारांत आली आहे,” त्यांच्या पत्नी भागीरथीबाई आतून म्हणाल्या.

सुंदरी गाडीला जुंपलेली होती. अंग तुकतुकीत, शेपटी विंचरलेली. मानेच्या उजव्या बाजूला मात्र तळहाताएवढी जागा केसांवाचून गुळगुळीत झाली होती, आणि त्यात काळे ठिपके होते, ओळीने, पेरल्यासारखे.

तुकोजीने गाडीतून चामड्याचा पट्टा काढून उलटा धरला. आतून चुका ठोकलेल्या, टोकं वर.

“पोथींत दाब म्हटलें, पण कशानें तें नव्हतें. तें मीच माझ्या अकलेनें केलें. मानेला बांधायचा, वळणाला याची दोरी ओढली की झालें!”

“तुकोजी, मी जें लिहिलें होतें...” सेतुमाधवरावांनी सुरुवात केली.

“भले पंत!” समोरच्या ओट्यावरून शेजारी गुरुमूर्ती ओरडला. “मद्रासच्या जनावरांच्या डॉक्टराला जमलें नाहीं तें आमच्या गल्लींतल्या पोथीनें केलें!” दोन-चार माणसं हसली. कुणीतरी हातही जोडले.

काहीतरी करायचं म्हणून सेतुमाधवराव घोडीजवळ गेले आणि तिच्या मानेवर ठेवायला त्यांनी हात उचलला.

हात लागायच्या आधीच सुंदरी वळली. डोळे पांढरे करून, मान पार डावीकडे मोडून, अरुंद गल्लीत गाडीसकट वळली. चाक ओट्याला घासलं. गुरुमूर्तीने पाय वर घेतले. घोडी उलट्या तोंडाने उभी राहिली. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

“पाहिलेंत?” तुकोजी आनंदाने म्हणाला. “हात दिसला की पुरे! तरी शर्यतीला पट्टा बांधीनच. या सालीं पहिला नंबर आला तर तो तुमचा, पंत.”

तो गेला. सेतुमाधवराव घरात येऊन बसले. उचललेला हात कुठे ठेवावा हे त्यांना समजेना.

“तुम्ही थाप लिहिलें होतें,” भागीरथीबाई म्हणाल्या. “मला वाचून दाखविलें होतें.”

“होय.”

“मग तो समोर होता तेव्हां दांतखीळ बसली होती की काय?”

त्यांनी फळीवरून एक पोस्टकार्ड काढलं.

“कार्ड? ओरत्तनाडूचा पोस्टमन चावडीवर मोठ्यानें वाचतो. सारें गाव ऐकेल.”

“म्हणूनच कार्ड.”

तमिळ अक्षरांत त्यांनी ‘थाप’ लिहिलं आणि त्याकडे पाहत राहिले. पुन्हा तीच दोन अक्षरं. दाब वाचा, ताप वाचा, धाप वाचा. त्यांनी तो शब्द खोडला. मराठीत तमिळ शब्द मिसळले म्हणून घरातल्या मुलांना ते जन्मभर टोकत आले होते. आता त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘तट्टिक्कुडु’. मुलाच्या पाठीवर थोपटायला सांगताना तिथल्या आया म्हणतात तो शब्द.

मग भराभर लिहिलं. ‘पट्टा काढून टाकावा. शर्यतीसही बांधूं नये. पोथींत दाब नाहीं. वाचण्यांत तुमची चूक नाहीं, लिहिण्यांत माझी आहे. तुमचें पत्र मे महिन्यांत पोंचलें होतें. तेव्हांच समजलें होतें.’

शेवटचं वाक्य खोडावं असं त्यांना वाटलं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

खाली रिवाजाप्रमाणे थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद लिहिला. तरी थोडी जागा उरली. सुंदरी पाच वर्षांची होती. तिला आशीर्वादच लिहायला हवा होता. त्यांनी ‘सुंदरीस नमस्कार’ लिहिलं, अनवाणीच कोपऱ्यापर्यंत गेले आणि सकाळची डाक निघायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.